मोठ्या आवाजाचा पत्ता

मढच्या जेट्टीवर उभं राहिलं की वर्सोवा हाकेच्या अंतरावर दिसतं. मध्ये मालाडची खाडी, तरीत बसलं की पाच-सात मिनिटांत पलीकडे. तर बंद झाली की मात्र तेच वर्सोवा वीसेक किलोमीटर लांब जाऊन बसतं. मग मालाड स्टेशन, मार्वे रोड, 271 नंबरची बस मिळाली तर मिळाली, नाहीतर रिक्षावाल्याच्या विनवण्या. मढला राहून हेवी मेटल ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मैफलीचा शेवट त्यामुळे बँडच्या हातात कधी नव्हताच. स्टेजवरच्या गिटारवाल्याने शेवटच्या गाण्याआधी सोलो लांबवला की बाकीचं पब्लिक खूश व्हायचं. आम्ही घड्याळ बघायचो.

उपनगरातले जुने मेटलवाले कुठेही भेटू देत, बोरिवलीला, मुलुंडला, घाटकोपरला, बोलणं गाण्यावरून निघतं आणि वाटेवर येतं. कोण कुणाबरोबर गेलं, तिकिटाचे पैसे कुणी उसने दिले, पावसात बूट कसे गेले, शेवटची लोकल कशी पकडली. त्या दिवशी कुठली गाणी वाजली याची यादी दर वेळी वेगळी निघते. वाट मात्र सगळ्यांना सारखी आठवते. याचं एक कारण मला उघड दिसतं. नाटकाला या शहरात शिवाजी मंदिर आहे, दीनानाथ आहे. गिटारच्या मोठ्या आवाजाला चाळीस वर्षांत कायमचा पत्ता मिळाला नाही. आज या मैदानात, उद्या त्या गिरणीत. ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी नवी जागा शोधत जावं लागलं, आणि शोधलेल्या जागा माणूस विसरत नाही.

मोठा आवाज मढला नवा नाही, हेही सांगून टाकतो. कोळीवाड्यात हळदीला बेंजो पार्टी येते. तो बेंजो म्हणजे विजेवर चालणारा बुलबुलतरंग. भोंग्यातून त्याचा स्वर चिरका, फाटका, कानात घुसणारा येतो. रॉकवाले हजारो रुपयांची पेडल्स घेऊन जे डिस्टॉर्शन काढतात, ते आम्ही लहानपणापासून हळदीच्या मांडवात फुकट ऐकत होतो. पलीकडे एरंगळला 1575चं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च, जानेवारीत त्याची जत्रा. मार्वे, ओर्लेम, मनोरी या पट्ट्यात गिटार घरात असणं ही काही अप्रूपाची गोष्ट नव्हती. पहिली मेटलची कॅसेट माझ्या हातात आली तीही ओर्लेमच्या एका वर्गमित्राकडून. परत करायच्या बोलीवर.

कॅसेट तेव्हा विकत घेण्याआधी भरून घ्यायची गोष्ट होती. कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायची, एका बाजूला एक आल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. आल्बम पंचेचाळीस मिनिटांच्या वर गेला की शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. काही गाणी मला कित्येक वर्षं अशी तुटकीच पाठ होती. पुढे पूर्ण ऐकली तेव्हा शेवट परका वाटला. खरेदी करायची तर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस. चाळीसच्या दशकात सुरू झालेलं ते दुकान 2016च्या सुरुवातीला बंद झालं. तिथे आत जाऊन नुसतं कव्हर बघत उभं राहण्याची मुभा होती, हे त्याचे आमच्यावरचे खरे उपकार. आयर्न मेडनच्या कव्हरवरचा तो सडक्या चेहऱ्याचा एडी बघूनच निम्म्या मुलांना हे संगीत आवडायला लागलं होतं. ऐकणं नंतर आलं.

मराठी माध्यमातल्या मुलाला शब्द कळायचे नाहीत. गाणारा ओरडतोय एवढंच कळायचं. मग कॅसेटच्या आतली घडी उलगडून, बारीक अक्षरातले शब्द शब्दकोश घेऊन वाचायचे. घरच्यांना वाटायचं, पोरगं इंग्रजीचा अभ्यास करतंय. एका अर्थी करतच होतं. युद्धं, फाशीची रात्र, वेडेपणा, सैतान. शाळेच्या इंग्रजीच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

हे संगीत जन्माला आलं ते बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीत. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. सैल तारांचा स्वर खाली गेला, जड झाला. 13 फेब्रुवारी 1970ला ब्लॅक सॅबथचा पहिला आल्बम निघाला आणि त्या जडपणाला पुढे नाव मिळालं. मुंबईत हेच संगीत उलट्या दिशेने आलं. आधी दक्षिण मुंबई आणि वांद्र्याची इंग्रजी शाळांतली मुलं, ज्यांचे नातेवाईक परदेशातून रेकॉर्ड आणत. गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या पोरांपर्यंत ते भरलेल्या कॅसेटांतून, उशिरा पोहोचलं. या उशिराची खंत करण्यात अर्थ नाही, पण रंगभवनच्या गर्दीत पहिल्यांदा गेलो तेव्हा आपण परक्याच्या लग्नात आलोय असं वाटलं होतं हे खरं. दुसऱ्या गाण्यापर्यंतच वाटलं.

रंगभवन म्हणजे धोबी तलावचं खुलं नाट्यगृह, सेंट झेवियर्स कॉलेजला लागून. 1978ला सुरू झालेली जॅझ यात्रा तिथे व्हायची. 1986 साली फरहाद वाडिया यांनी तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केलं. पंधरा ऑगस्टच्या आसपास, देशभरातले बँड, आणि वर ऐन श्रावणाचं आभाळ. सगळे त्याला आय-रॉक म्हणायचे. 1984मध्ये उभा राहिलेला रॉक मशीन हा मुंबईचा बँड त्या काळचा राजा. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारला. 1988चा त्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा आल्बम आमच्या भरून घेतलेल्या कॅसेटांत एकमेव होता ज्याच्यावर मुंबईचा पत्ता होता. तिनईकर हे आडनाव कॅसेटवर वाचून काय वाटलं ते आजच्या पोरांना समजावता येणार नाही. हा माणूस घरी मराठी बोलत असेल आणि बाहेर असं वाजवत असेल! पुढे 1993मध्ये या बँडने नाव बदलून इंडस क्रीड केलं.

रंगभवनची गर्दी आठवायची तर आधी वास आठवतो. भिजलेले काळे टीशर्ट, चिखल, सिगारेट, आणि बाहेरच्या गाडीवरचा वडापाव. छत नाही, त्यामुळे पाऊस आला की सगळ्यांना समान. बँड आवडला नाही तर पब्लिक ते लपवत नसे, पाण्याच्या बाटल्या आणि चिखलाचे गोळे स्टेजकडे जात. बिचारे कॉलेजातले नवे बँड त्या स्टेजवर अक्षरशः परीक्षेला बसायचे. मुली फार थोड्या असत. ज्या येत त्या बहुधा घोळका करून, कडेला उभ्या राहत. मॉशपिटमध्ये, म्हणजे जिथे पोरं एकमेकांवर आदळत गोल फिरतात तिथे, एक नियम मात्र कुणी न शिकवता पाळला जायचा. कुणी खाली पडलं की चार हात लगेच त्याला उचलत. रेटारेटीच्या लोकलमध्ये वाढलेल्या पोरांना हे वेगळं शिकवावं लागत नसेल.

आणि हात वर करून तर्जनी आणि करंगळी उभी करायची ती खूण. ब्लॅक सॅबथमध्ये गायक ऑझी ऑस्बोर्नच्या जागी आलेल्या रॉनी जेम्स डिओने ती रुजवली, आणि आपल्या इटालियन आजीकडून ती घेतल्याचं तो सांगत असे. आजी वाईट नजर उतरवायला ती खूण करायची. म्हणजे सैतानाची म्हणून आपल्याकडे ज्या खुणेची धास्ती घेतली गेली, ती मुळात मीठ-मोहरीच्याच जातीची. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने कॅसेटांचा आवाज थोडा जास्त सहन केला असता.

रंगभवन बंद झालं ते कायद्याने. 2000 साली केंद्राने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र. तिथे दिवसाची मर्यादा 50 डेसिबल, रात्रीची 40. दोन माणसांचं साधं बोलणंच 60 डेसिबलच्या आसपास जातं. रंगभवनच्या एका बाजूला कॉलेज, जवळच कामा आणि जीटी रुग्णालय. तिथे गिटार सोडा, कुणी माइकवर नमस्कार म्हणणंही अवघड झालं. मेटलवाले यावर अजून चिडतात. मला त्यांचा राग पूर्ण पटत नाही. कामा रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईला आमच्या डबल बेसच्या लाथा ऐकवण्याचा आम्हाला काय अधिकार? चीड यायची ती दुसऱ्या गोष्टीची. नियम बनला तसा पर्यायही कुणी बनवायला हवा होता. एक खुलं रंगमंदिर गेलं, त्याच्या बदल्यात या शहराने दुसरं दिलं नाही. आणि त्याच शहरात विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर डेसिबलचा आकडा कुणाला आठवत नव्हता.

रंगभवनच्या बाजूची ती गल्ली आज मुंबईला वेगळ्या कारणाने माहीत आहे. 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्याच्या रात्री तिथेच हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांना मरण आलं. ज्या भिंतीला टेकून आम्ही तिकिटासाठी रांग लावायचो, तीच टीव्हीवर दिसत होती. त्या रात्री जुन्या मित्रांचे फोन आले, आणि कुणीच गाण्याबद्दल बोललं नाही.

आय-रॉक मग अंधेरीच्या चित्रकूट मैदानात आलं. लिंक रोडलगतचं मैदान, कधी सिनेमाचा सेट, कधी नवरात्रीचा गरबा, कधी आम्ही. दक्षिण मुंबईवाल्यांना ते फार लांब वाटलं, कुरकुर झाली. आमचा मात्र सोन्याचा दिवस. मढहून तर, वर्सोव्याहून रिक्षा, अर्ध्या तासात मैदानात. इतकी वर्षं धोबी तलावपर्यंत दोन गाड्या बदलून आम्ही जात होतो, आता कुलाब्याची पोरं आमच्याकडे येत होती. त्याच अंधेरीत 1 नोव्हेंबर 1996ला मायकल जॅक्सन नाचून गेला होता, शहाजीराजे क्रीडा संकुलात. त्याचा करमणूक कर माफ करण्यावरून झालेलं कोर्टकचेरीचं रामायण वर्षानुवर्षं चाललं. मेटलला कर माफ करावा असं कुठल्याच पक्षाला कधी वाटलं नाही. एका परीने बरंच झालं.

पण सगळ्या आठवणींचा कळस म्हणजे 1 फेब्रुवारी 2008. वांद्रे-कुर्ला संकुलाचं एमएमआरडीए मैदान, आयर्न मेडन. आदल्या वर्षी मार्चमध्ये बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर ते वाजवून गेले होते. तेव्हा इथली पोरं उद्यान एक्स्प्रेसने, खाजगी बसने, मिळेल त्या गाडीने गेली होती. या वेळी ते स्वतः आले, आणि कसे! गायक ब्रूस डिकिन्सन हा पगारी वैमानिक. त्याने बोइंग 757 विमान चालवत आणलं, त्यात बँड, कामगार आणि सुमारे 12 टन सामान. विमानाचं नाव एड फोर्स वन. जगभराच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत. 'फ्लाइट 666' या 2009च्या माहितीपटात हे सगळं आहे. लंडनच्या, टोकियोच्या, साओ पावलोच्या आधी आपण ते स्टेज पाहिलं, हे सांगताना आजही पन्नाशीतल्या माणसांची छाती फुगते. मीही त्यातलाच.

स्टेजवर इजिप्तची देवळं, ममीची शवपेटी. सुरुवातीला चर्चिलचं भाषण, मग 'एसेस हाय'. त्यानंतर काय वाजलं यावर वाद होतात, पण एका गाण्यावर आमच्यात मतभेद नाही: 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. कोलरिजची 1798ची कविता, 1984च्या 'पॉवरस्लेव्ह' आल्बममधलं तेरा मिनिटांहून लांब गाणं. एक खलाशी विनाकारण अल्बट्रॉस पक्षी मारतो, मग वारा पडतो, जहाज थिजतं, पाणी संपतं, माणसं मरतात. गाण्याच्या मधोमध सगळं थांबतं आणि दोरखंड, फळ्या कुरकुरल्यासारखा आवाज येत राहतो. मैदानातले हजारो लोक त्या वेळी गप्प होते. माझ्याबरोबर मढच्या एका नाखव्याचा मुलगा होता. डोल जाळ्यावर जाणारं घर, दारात बोंबलाच्या वलांडी. इतर गाण्यांवर तो बेभान डोकं हलवत होता, इथे हाताची घडी घालून उभा राहिला. परत येताना म्हणाला, यांच्यातला कुणीतरी समुद्रावर गेला असणार, वारा पडल्यावर होडी अशीच बोलते. मग थोड्या वेळाने त्याने हरकतही घेतली. पक्षी मारला म्हणून एवढं? आमच्याकडे तर देवीला कोंबडा लागतो!

'फिअर ऑफ द डार्क'ला गिटारची चाल सगळ्या मैदानाने तोंडाने गायली. शब्द न येणाऱ्यांनाही ती येते, म्हणून हे गाणं जगभर चालतं असा माझा कयास आहे. कार्यक्रम संपला. तर कधीच बंद झालेली. वांद्रे स्टेशनवर काळ्या टीशर्टांचा लोंढा. डब्यात सगळ्यांच्या कानात शिट्टी वाजत होती, त्यामुळे जो तो ओरडून बोलत होता आणि झोपलेले प्रवासी उठून शिव्या घालत होते. मालाडला उतरून सकाळच्या पहिल्या बसपर्यंत आम्ही चहाच्या टपरीवर बसलो.

त्या शिट्टीबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं, कारण दिवाळी अंकात मेटलवर लिहिणाऱ्याने कौतुकच करावं असा काही नेम नाही. कानाच्या आत शंखासारख्या भागात केसांसारख्या पेशी असतात. त्या मेल्या की परत येत नाहीत. 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो असं मानतात, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. मेटलच्या मैफली तासन्‌तास चालतात. आमच्यातल्या दोघा-तिघांना आता गर्दीत समोरच्याचं बोलणं नीट कळत नाही, आणि एकाच्या कानातली शिट्टी बंदच झालेली नाही. तो हसत सांगतो की ती अमुक बँडची आहे. बायको हसत नाही. हल्लीची पोरं कानात बोळे घालून येतात. आम्ही त्यांना भित्रे म्हणायचो.

बाहेरचे बँड पुढे येत राहिले, पण मुंबईला कमी. ऑक्टोबर 2011मध्ये मेटॅलिका गुडगावला वाजवणार होते. तिथे कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, पब्लिकने स्टेज तोडलं. 30 तारखेला बंगळुरूला मात्र झाला. पुन्हा उद्यान एक्स्प्रेस. मेशुगा 2013मध्ये एनएच7 वीकेंडर महोत्सवाला येऊन गेले, ओपेथ 2019मध्ये त्याच महोत्सवाला पुण्यात. पुणं म्हणजे आमच्या हिशोबाने घरचंच.

त्या वर्षांत मुंबईचे स्वतःचे बँड मात्र तगडे झाले. साहिल मखीजाचा डेमोनिक रेझरेक्शन 2000मध्ये सुरू झाला. 2010मध्ये त्यांना ब्रिटनच्या मेटल हॅमर मासिकाचा ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला. 2017च्या त्यांच्या आल्बमचं नाव 'दशावतार', मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेक गाणं. कोकणातल्या माणसाला दशावतार म्हणजे रात्रभराचा खेळ, संकासुर, पेटी आणि पखवाज. माझ्या एका मालवणी मित्राने तो आल्बम ऐकून सांगितलं की आवाजाच्या बाबतीत दोन्हीकडे तडजोड नाही, झोप दोन्हीकडे लागत नाही. भयानक मौत, गटस्लिट ही नावंच पुरेशी बोलकी. आणि स्क्राइब. यांच्या आल्बमची नावं 'मार्क ऑफ तेजा', 'हेल मोगॅम्बो', एका गाण्याचं नाव 'आय लव्ह यू, पावभाजी'. माझ्या मते मुंबईचं मेटल खऱ्या अर्थाने मुंबईचं झालं ते इथे. नॉर्वेच्या मेटलवाल्या पोरांसारखं चेहरे रंगवून बर्फात उभं राहण्याचा आव टाकून त्यांनी स्वतःच्या गल्लीतला विनोद घेतला. घशातून डुकरासारखा आवाज काढत पावभाजीवर प्रेम व्यक्त करणं हे परळ-अंधेरीशिवाय कुठे सुचणार?

जागेचा प्रश्न तसाच राहिला. लोअर परळच्या तोडी मिलमधला ब्लू फ्रॉग 2007 ते 2016 चालला. वरळीत बॉम्बे डाइंगच्या आवारात हार्ड रॉक कॅफे. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या पोटात गिटारी शिरल्या. यातली गंमत सगळ्यात जास्त भायखळ्याला दिसली. रिचर्डसन अँड क्रुडास हा 1858 साली सुरू झालेला लोखंडाचा कारखाना, पुलांचे आणि छपरांचे सांगाडे बनवणारा. त्याच्या रिकाम्या शेडमध्ये जानेवारी 2015मध्ये बिग69 महोत्सव झाला, इंग्लंडचा कारकस तिथे वाजला. पत्र्याच्या कारखान्यात आयोमीची बोटं गेली तिथून निघालेलं संगीत मुंबईतल्या लोखंडाच्या कारखान्यात येऊन पोचलं. वर पत्रे, बाजूला लोखंडी खांब, आवाज सगळीकडून आदळत परत येत होता. ध्वनीच्या दृष्टीने भिकार जागा. मला तरी मुंबईत मेटल ऐकायला त्याहून योग्य जागा आठवत नाही.

2022च्या नोव्हेंबरमध्ये आय-रॉक परत आलं, माझगावच्या बंदरालगतच्या लॉनवर. पाऊस नाही, चिखल नाही, खाण्याचे स्टॉल झकास. आमच्या वयाच्या मंडळींनी तिथे बसायला खुर्च्या आहेत का याची चौकशी केली. नंतर 17 मे 2025ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस आले. 2012मध्ये बीकेसीला त्यांना पाहिलेली माणसं या वेळी मुलांना घेऊन आली होती. त्यानंतर दोनच महिन्यांत, 5 जुलैला बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला, आणि 22 जुलैला ऑझी गेला. आमच्यातल्या कित्येकांनी तो शेवटचा कार्यक्रम घरी बसून, हेडफोन लावून, बाकीच्यांची झोप न मोडता पाहिला.

महालक्ष्मीला माझ्या शेजारी बोरिवलीचे एक गृहस्थ होते, बरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा. मुलाच्या कानात बोळे, अंगात वडिलांचा जुना टीशर्ट, गुडघ्यापर्यंत आलेला. त्यांचा गायक अॅक्सल रोझ स्टेजवर धावत आला तेव्हा पोराने वडिलांना ओढून विचारलं, हे काका किती वर्षांचे? त्रेसष्ट, वडील म्हणाले. पोरगा थोडा विचार करून म्हणाला, मग आजोबांनापण आणायला हवं होतं.